खुर्ची आणि खुर्चीवरचा माणूस

आपल्या संस्थेच्या सभासद-अर्जात नावापाठोपाठ ‘व्यवसाय’ हा रकाना येतो. नोकरदार मंडळी तो झरझर भरतात. लेखणी अडखळते ती सेवानिवृत्तांची. कोणी ‘नाही’ असे लिहितो, कोणी सुटलेल्या नोकरीचे नाव लिहून पुढे ‘माजी’ जोडतो. भगिनी ‘घरकाम’ लिहितात आणि उगाच संकोचतात. हे अडखळणे पाहूनच या विषयावर चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटले.

आपल्यापैकी बहुतेकजण सिल्वासात पोटासाठी आलो. पिपरिया, मसाट, आमली येथील कारखान्यांनी आपल्याला येथे आणले. नवखा भेटला की आडनावाआधी ‘कुठल्या कंपनीत?’ असे विचारण्याची येथे रीतच पडली आहे. प्रश्नात वावगे काही नाही. परंतु पंचवीस-तीस वर्षे एकच उत्तर देत राहिले की ते उत्तर म्हणजेच आपण, असे मन धरून बसते. मग एके दिवशी वय होते, किंवा कारखानाच बंद पडतो, आणि घरातला कर्ता पुरुष पहाटे पाळीच्या वेळेस उठून नुसता बसून राहतो. ही स्थिती आम्ही एकाहून अधिक घरांत पाहिली आहे.

याबाबतीत आपल्याच गावच्या इतिहासातील एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. 2 ऑगस्ट 1954 रोजी सिल्वासा पोर्तुगीज अमलातून मुक्त झाले. पुढे सात वर्षे येथील कारभार वरिष्ठ पंचायतीच्या विचाराने चालला. पोर्तुगालने हेगच्या न्यायालयात दाद मागितली. परंतु सशस्त्र फौजेला भारतातून वाट मिळण्याचा हक्क त्यास नाही, असा निर्णय 12 एप्रिल 1960 रोजी झाला. त्यानंतर विलीनीकरणाचा करार करावयाचा, तर पंडित नेहरूंच्या सहीसमोर तोलाची सही हवी. म्हणून के. जी. बदलानी या सनदी अधिकाऱ्यास 11 ऑगस्ट 1961 या एका दिवसापुरते येथील पंतप्रधान करण्यात आले, आणि त्या नात्याने त्यांनी करारावर सही केली. शाई वाळली, पद संपले. बदलानी मात्र होते तेच राहिले.

हे पद एका दिवसाचे होते, म्हणून पद निराळे आणि माणूस निराळा हे कोणासही दिसते. आपली खुर्ची तीस वर्षांची असते, म्हणून ती खुर्ची वाटत नाही, अंगाचाच अवयव वाटते. फरक असलाच तर मुदतीचा आहे.

तथापि काम म्हणजे नुसता अंगरखा, असा अर्थ यातून कोणी काढू नये. तेरच्या गोरोबांची कथा प्रसिद्ध आहे. जमलेल्या संतांच्या डोक्यावर त्यांनी मडकी ठोकण्याचे थापटणे मारून पाहिले, आणि नामदेव चिडले तेव्हा हे मडके कच्चे असे सांगितले. नामदेवांनी पुढे विसोबा खेचरांना गुरू केले, ते या ठोक्यामुळे. मडक्याच्या आवाजावरून कच्चे-पक्के ओळखणे हे कुंभारकाम. पण तोच कान माणसापर्यंत पोचला, तेव्हा ते नुसते कुंभारकाम राहिले नाही. चाक थांबले तरी असा कान जात नाही. हिशेबनीस निवृत्त होतो, चुकलेला आकडा हुडकणारी त्याची नजर निवृत्त होत नाही. सुताच्या यंत्रापाशी आयुष्य घालवलेल्या माणसाला घरच्या पंख्याची घरघरही काही सांगत असते. घरात दहा माणसांचा मेळ राखणाऱ्या भगिनींविषयी तर काय लिहावे! त्यांना निवृत्तीही नाही.

सिल्वासाच्या मुक्तिलढ्यात शस्त्र घेऊन उतरलेल्यांत सुधीर फडके होते. आठ महिन्यांच्या आत, 1 एप्रिल 1955 रोजी, पुणे आकाशवाणीवरून त्यांनी संगीत दिलेल्या ‘गीतरामायणा’स आरंभ झाला. आमचा अर्ज त्यांच्यापुढे ठेवला असता, तर व्यवसायाच्या रकान्यात त्यांनी बहुधा ‘संगीत’ एवढेच लिहिले असते, आणि आपल्या दप्तरात सिल्वासाची रात्र कुठेच नोंदली गेली नसती.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे आमची एक साधी सूचना आहे. नवे अर्ज छापताना ‘व्यवसाय’ खाली ‘आपणांस काय काय येते?’ अशी एक ओळ घालावी. नमुन्यादाखल ती आम्ही स्वतः भरून पाहिली. पहिला रकाना क्षणात झाला. या ओळीला पाऊण तास लागला.