पहाटेची धार

वाई, सोमवार

चि. चिमणीस,


काल फोनवर तू म्हणालीस की तुमच्या न्यूक्लिअर मेडिसिनच्या हॉट लॅबमध्ये जनरेटरला ‘काऊ’ म्हणतात आणि त्यातून टेक्नेशियम काढण्याला ‘मिल्किंग’. आम्हीही तेच म्हणायचो. माझ्या डोळ्यांपुढे मात्र दर वेळी आमची आई, म्हणजे तुझी आजी, यायची. पहाटे चारला गोठ्यात कंदील टांगून म्हशीच्या धारेला बसलेली. डेअरीची गाडी साडेपाचला वेशीवर यायची आणि कुणासाठी थांबायची नाही. तरी आईचा हात कधी घाईत चालला नाही. ती आधी कास धुवायची, रेडकाला दोन घोट पाजायची, मग म्हैस पान्हावेपर्यंत बसून राहायची. ओढाताण केली की जनावर दूध चोरतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. गाडी गाठण्यासाठी तिनं हात भरभर चालवले नाहीत. ती लवकर उठली.

तुला सांगायचं आहे ते हेच. घाई औषधाला असते, आपल्या हाताला ती लागू द्यायची नाही.

तू म्हणालीस, साडेतीनला उठून डोकं जड होतं आणि शिशाच्या आडोशामागे उभं राहिलं की छातीत धडधडतं. नव्या नोकरीच्या चार दिवसांत दुसरं काय होणार? बी. फार्म.ला तुला जी औषधं शिकवली, त्यांच्या डब्यावर मुदतीचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. आता तुझ्या हाती आलेलं औषध तासांवर जगतं. टेक्नेशियमचं अर्धायुष्य ६ तासांचं, म्हणजे तासाला सुमारे ११ टक्के गेलं. पेट स्कॅनच्या एफडीजीमधलं फ्लोरिन-१८ तर ११० मिनिटांत निम्मं होतं. सहाला हाती आलेले ४० मिलिक्युरी सात पन्नासला २० आणि नऊ चाळीसला १०. हे गणित तुला परीक्षेत येत होतंच, पण गाडी वाहतुकीत अडकली आहे, बाहेर पाच रोगी रात्रीपासून उपाशी बसले आहेत आणि डॉक्टरांचा तिसरा फोन आला आहे, अशा वेळी ते करायचं म्हणजे वेगळंच. तेव्हा कालच्या अंदाजानं सिरिंज भरू नकोस. कागद घे, वेळ लिही, पुन्हा मांड.

घड्याळांचंही सांगते, कारण हे पुस्तकात नसतं. हॉट लॅबच्या भिंतीवरचं घड्याळ, स्कॅनरच्या संगणकातलं घड्याळ आणि तुझा मोबाइल, तिन्हींची वेळ दर सोमवारी जुळवून घे. फ्लोरिनच्या बाबतीत दहा मिनिटांचा फरक म्हणजे सुमारे ६ टक्क्यांची चूक. गाठ किती साखर ओढते याचा जो आकडा डॉक्टर काढतात, त्यात ही चूक गुपचूप जाऊन बसते. तीन महिन्यांनी तोच रोगी पुन्हा येतो, केमोनं गाठ हटली की नाही हे डॉक्टर जुन्या आकड्याशी ताडून ठरवतात. भिंतीवरचं घड्याळ मागे पडलंय, हे तेव्हा कुणाच्या लक्षात येणार?

माझ्या सुरुवातीच्या काळात आमच्याकडे तुमच्यासारखा आयता जनरेटर नव्हता. ज्यातून टेक्नेशियम तयार होतं ते मॉलिब्डेटचं द्रावण ट्रॉम्बेहून यायचं. ते आम्ही मिथाइल इथाइल कीटोनबरोबर घुसळायचो. टेक्नेशियम वरच्या थरात यायचं. तो थर अलगद वेगळा करायचा, दिव्याच्या उष्णतेवर सुकवायचा आणि उरलेलं सलाइनमध्ये विरघळवायचं. त्या कीटोनचा उग्र गोडसर वास अजून नाकात आहे. खालचा थर चुकून थोडा जरी आला तरी सगळं वाया. आपल्या अणुभट्ट्यांतून मिळणाऱ्या मॉलिब्डेनमवर आपल्या लोकांनी बसवलेली ही रीत होती. तिनं या देशातल्या कितीतरी रोग्यांचे स्कॅन वर्षानुवर्षं काढून दिले. मला तिचा अभिमान आहे, म्हणून आठवण ठेव एवढंच. आज तुझं काम सोपं झालंय असं मी म्हणणार नाही. तेव्हा दिवसाला आठ-दहा रोगी असायचे, तुमच्याकडे चाळीस आहेत.

आता माझी एक चूक सांगते. तुझ्या आईलाही मी हे कधी सांगितलं नाही.

नोकरीला पाच महिने झाले असतील. आदल्या रात्री लग्नाला जाऊन उशिरा झोपले होते. सकाळी हाडांच्या स्कॅनसाठी एमडीपीची कुपी तयार केली. औषध काढताना सिरिंजमधली हवा दोनदा कुपीत गेली. तुला माहीत आहे, कुपीत कथिलाचा क्षार असतो आणि त्याच्याच जोरावर टेक्नेशियम एमडीपीला धरून राहतं. हवा लागली की कथिल निकामी होतं. मोकळं टेक्नेशियम मग हाडांकडे न जाता थायरॉईडमध्ये, लाळग्रंथींमध्ये, जठरात जाऊन बसतं. कागदाची पट्टी लावून हे दहा मिनिटांत कळतं. मी पट्टी लावली नाही. उशीर झाला होता, औषध विरत चाललं होतं, आणि रोजच तर बरोबर येतं असं मनात आलं. सहा जणांना सुई टोचली गेली. तीन तासांनी पहिलं चित्र आलं तेव्हा मानेत थायरॉईड लखलखत होती, पोटात जठर दिसत होतं आणि हाडं धुक्यातल्यासारखी पुसट.

त्या सहांत मराठवाड्यातून आलेले एक आजोबा होते. मुलगा नि ते हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवर राहत होते, रात्रीच्या गाडीचं तिकीट काढलेलं. त्यांना सांगायला मी स्वतः गेले. त्यांनी मला एवढंच विचारलं, “मंग आता पुन्हा सुई टोचावी लागंल का?” मी हो म्हटलं. ते बरं म्हणाले आणि बाकावर सरकून मला बसायला जागा दिली.

दहा मिनिटं वाचवायला गेले आणि सहा माणसांच्या अंगात विनाकारण किरणोत्सर्ग घातला. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत पट्टी लावल्याशिवाय एकही कुपी मी खिडकीबाहेर दिली नाही. कुणी ओरडलं तरी नाही. तूही देऊ नकोस. पहिल्या धारेत मॉलिब्डेनम उतरलं आहे का हे रोज तपासायचं, दर मिलिक्युरी टेक्नेशियममागे ०.१५ मायक्रोक्युरीच्या वर ते चालत नाही. डोस कॅलिब्रेटरला सकाळी सीझियमचा स्रोत दाखवून तो कालचाच आकडा सांगतोय ना हे पाहायचं. या सगळ्याला वीसेक मिनिटं लागतात. ती वीस मिनिटं तुझ्या गजरात मिळव, रोग्याच्या औषधातून कापू नकोस. आणि कधी चुकलंच, तर तासाभराच्या आत वरिष्ठांना स्वतःच्या तोंडानं सांग.

जनरेटरचा स्वभावही ओळखून घे. त्यातल्या मॉलिब्डेनमचं अर्धायुष्य ६६ तास. सोमवारी आलेली ‘गाय’ पुढच्या सोमवारी साधारण सहाव्या हिश्श्यावर येते. म्हणून हृदयाचे स्कॅन, ज्यांना जास्त औषध लागतं, ते आठवड्याच्या सुरुवातीला घेतलेले बरे. वेळापत्रक लावणाऱ्या बाईंशी शुक्रवारी दोन मिनिटं बोललीस तर तुझे गुरुवार-शुक्रवार सोपे होतील. एकदा धार काढली की चोवीस तासांत ती पुन्हा भरते, आणि मला यातलं सर्वांत आवडतं ते हेच. पालेर्मोत १९३७ साली पेरिए आणि सेग्रे यांनी टेक्नेशियम हे मूलद्रव्य शोधलं. माणसानं कृत्रिमरीत्या मिळवलेलं ते पहिलंच, नावाचा अर्थही तोच. आणि ते वागतं मात्र गोठ्यातल्या जनावरासारखं.

मामांशी नीट वाग. शिशाची जड भांडी आणणारे, कचरा मोजून ठेवणारे मामा तिथे तुझ्याआधी किती वर्षं आहेत ते विचार. कुठल्या कपाटाचं दार नीट लागत नाही, मीटर कुठल्या कोपऱ्यात उगाच ओरडतो, हे त्यांना ठाऊक असतं. टेक्नॉलॉजिस्ट तुझ्यापेक्षा कमी शिकलेली असेल, पण तिनं हजारो सिरिंज हाताळल्या आहेत. न समजलेलं पहिल्या महिन्यातच विचारून घे. सहा महिन्यांनी तोच प्रश्न विचारायला संकोच वाटतो आणि माणूस अंदाजानं वागायला लागतो.

रोग्यांना तू फारशी दिसणार नाहीस, पण जेव्हा समोर येशील तेव्हा दोन गोष्टी सांभाळ. नाव विचारताना “तुम्ही अमुक ना?” असं विचारू नकोस. घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो. त्यांनाच पूर्ण नाव सांगू दे, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, गाव, सगळं. एकाच नावाच्या दोन बायका एकाच सकाळी येतात, मी पाहिलं आहे. दुसरं, तरुण बाईला दिवस गेलेत का, अंगावर पाजते का, हे सासूसमोर विचारायचं नाही. सासूसमोर ती एक सांगेल, बाजूला घेतलंस की दुसरं. तिला पडद्याआड ने, आवाज खाली ठेव, आणि उत्तर येईपर्यंत थांब.

आता तुझ्या आईच्या काळजीबद्दल. तिनं मला वेगळा फोन केला होता. ‘किरणांत’ काम करते, पुढे लग्न, मुलं... ती रडत होती. तिला आकडे दे, नुसता धीर देऊ नकोस. जगातल्या माणसाला माती, हवा, आकाश यांतूनच वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. तुझ्यासारख्या कर्मचाऱ्याला अणुऊर्जा नियामक मंडळानं पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० आणि कुठल्याही एका वर्षात ३० अशी मर्यादा घातली आहे. नीट काम करणारी माणसं त्या मर्यादेच्या बरीच खाली राहतात. मीही राहिले. पण हे ‘नीट’वर अवलंबून आहे. किरणं मोजणारा बॅज रोज छातीवर हवा, पर्समध्ये किंवा टेबलावर विसरलेला नाही. सिरिंजवरचं टंगस्टनचं आवरण जड वाटतं, बोटं अवघडतात, म्हणून ते काढून सिरिंज भरणारे लोक तुला दिसतील. त्यांचं पाहून शिकू नकोस. रिकाम्या सिरिंजमध्ये सलाइन भरून त्या आवरणासकट रोज दुपारी पंधरा मिनिटं सराव कर. हात बसला की काम आपोआप लवकर होतं, आणि किरणांपासून वाचवणारी पहिली गोष्ट हीच, तिथे कमी वेळ असणं. हातमोजे घालून मोबाइलला हात लावायचा नाही, हे तर तुला सांगायलाच नको.

आणि पुढे कधी तुला दिवस गेले, तर आधी विभागात सांग, मग नातेवाइकांना. गर्भासाठी मर्यादा १ मिलिसिव्हर्टची आहे आणि तुझं काम बदलून देणं ही त्यांची जबाबदारी आहे, उपकार नव्हे. आमच्या वेळी एक मुलगी कामावरून काढतील या भीतीनं चार महिने गप्प राहिली. बॅजचे आकडे कमी होते, बाळ सुखरूप झालं, पण ते चार महिने ती रोज घाबरत जगली. तसं तुझ्या वाट्याला येऊ नये.

झोपेचं मात्र तू मनावर घे. पाच ते एकची पाळी म्हणजे रात्री साडेआठला अंथरुणाला पाठ टेकायला हवी. घरात त्या वेळी मालिका चालू असतात, शेजारी येतात, बाबांचं जेवण व्हायचं असतं. लाजू नकोस, दार लावून घे. रविवारीही पाचच्या पुढे लोळू नकोस, नाहीतर दर सोमवार नव्या नोकरीचा पहिला दिवस होतो. दुपारी दीड तास झोप पुरे, चार तास झोपलीस तर रात्र गेली. उपाशी निघू नकोस. सातूचं पीठ दुधात कालवून चार घास खा, उरलेलं डब्यात ने, आणि तो डबा बाहेरच्या खोलीतच उघड.

पहाटेच्या लोकलची भीती वाटते म्हणालीस. रोज एकच डबा धर. त्या वेळी महिलांच्या डब्यात पोलीस असतो, दादरच्या फूलबाजाराला जाणाऱ्या बायका असतात, कोळणी असतात. आठवड्याभरात त्या तुला ओळखायला लागतील. एखाद्या दिवशी तू चढली नाहीस तर दुसऱ्या दिवशी विचारतील. माझी अशी एक फूलवाली मैत्रीण होती. तिचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण ती रोज माझ्यासाठी खिडकीजवळची जागा टोपली ठेवून धरायची.

तुझ्या खोलीत दुपारी पश्चिमेचं ऊन येतं, हे मला आठवतं. माझ्याकडे जाड गडद निळं कापड पडून आहे. अस्तर लावून पडदा शिवते. खिडकीची लांबी-रुंदी इंचांत मोजून कळव, आणि दांडी आहे की खिळे मारलेत तेही लिही.

तुझी
मावशी