तारा झिजतो तेव्हा

मुलांनो, तुम्ही रोज सूर्य पाहता. तो कधी म्हातारा होईल, असे तुम्हांला वाटते का? होय, तारेही म्हातारे होतात. ते फुगतात, तांबडे होतात आणि हळूहळू झिजतात.

तिमिंगल तारकासमूहात 'मीरा' नावाचा असाच एक तारा आहे. १५९६ साली डेव्हिड फाब्रिशिअस यांना तो दिसला. काही आठवड्यांनी तो दिसेनासा झाला! पुढे कळले, की तो सुमारे अकरा महिन्यांत एकदा तेजस्वी होतो आणि पुन्हा मंदावतो. 'मीरा' म्हणजे लॅटिन भाषेत 'अद्भुत'. संत मीराबाईंशी या नावाचा संबंध नाही.

मीरामध्ये साधारण सूर्याइतकेच द्रव्य आहे. पण तो सूर्याच्या शेकडो पट फुगला आहे. त्यामुळे पृष्ठभागावरील वायूवर त्याच्या गुरुत्वाकर्षणाची पकड सैल झाली आहे. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५५०० अंश सेल्सिअस आहे, तर मीराचे सुमारे ३००० अंश.

हा तारा सारखा आकुंचन-प्रसरण पावतो. त्यामुळे बाहेरचा वायू वर उचलला जातो. वर गेल्यावर तो थंड होतो व त्यात धुळीचे बारीक कण तयार होतात. ताऱ्याचा प्रकाश त्या कणांना बाहेर ढकलतो. हे कण आजूबाजूच्या वायूलाही ओढून नेतात. यालाच 'तारकीय वारा' म्हणतात.

२००७ साली 'गॅलेक्स' या अवकाश दुर्बिणीतून मीरामागे १३ प्रकाशवर्षे लांबीचे शेपूट आढळले. मीराने गेल्या ३०,००० वर्षांत मागे टाकलेले द्रव्य त्यात पसरले आहे.

हे द्रव्य वाया जाते का? मुळीच नाही. त्यातूनच पुढे नवे तारे व ग्रह जन्म घेतात. आपल्या शरीरातील कार्बनचा बराचसा भाग अशाच जुन्या ताऱ्यांत तयार झाला. सुमारे पाच अब्ज वर्षांनी आपला सूर्यही असाच फुगेल आणि जवळचे बरेचसे द्रव्य आकाशात उधळून देईल.

शब्दार्थ
झिजणे – हळूहळू कमी होणे
अद्भुत – नवल वाटेल असे
आकुंचन – आखडणे
प्रसरण – पसरणे
सैल – ढिली

स्वाध्याय
१. मीराला हे नाव का मिळाले?
२. धुळीचे कण वायूला बाहेर कसे नेतात?
३. 'ताऱ्याचे झिजणे वाया जात नाही.' तुमच्या शब्दांत सांगा.