तुरीला शेंगा का लागल्या नाहीत?



मागच्या डिसेंबरात चौथीतल्या एका मुलाने तुरीची फांदी वर्गात आणली. पानं भरगच्च, पण फूल नाही की शेंग नाही. "सर, बाबा म्हणतात तूर वांझ झाली." मागे कोणीतरी हसलं. हा शब्द गावात बायकांना कसा टोचून बोलतात, ते मुलांनाही ठाऊक असतं. म्हणून ठरलेला पाठ बाजूला ठेवला आणि फांदीवरच बोललो.

दोष कोणाचा?
या रोगाचं नावच 'वांझ रोग'. तो विषाणूमुळे होतो. डोळ्यांना न दिसणारे बारीक कोळी तो पसरवतात आणि वाऱ्याबरोबर शेतभर जातात. पानं लहान, फिकट, ठिपकेदार होतात. पहिल्या दीड महिन्यात लागण झाली तर जवळजवळ सगळं पीक जातं. बियाण्यातून हा रोग येत नाही. म्हणजे दोष झाडाचा नाही, बियाण्याचा नाही, बाबांचाही नाही. 1931 मध्ये बिहारमधील पुसा इथे याची नोंद झाली. पण विषाणू सापडायला सुमारे 70 वर्षं गेली!

स्टेपलरची गंमत
मग उपाय काय? रोगाला दाद न देणारे वाण. ते शोधायला हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेत सोपी युक्ती काढली: रोगट पान निरोगी रोपाच्या पानाला स्टेपलरने टाचायचं. कोळी नव्या पानावर उतरतात. जी रोपं तरीही निरोगी राहतात, त्यांचा जास्त उत्पन्न देणाऱ्या वाणांशी संकर करायचा. पुढच्या पिढीची पुन्हा तीच परीक्षा. असं वर्षानुवर्षं चालतं.

आपल्या जालना जिल्ह्यातील बदनापूरच्या संशोधन केंद्राने असेच बीएसएमआर 736 आणि बीएसएमआर 853 हे वाण दिले. नावाचा अर्थच 'बदनापूर स्टरिलिटी मोझॅक रेझिस्टंट'. मात्र विषाणूचेही प्रकार असतात. एका भागात टिकणारं वाण दुसरीकडे बळी पडू शकतं. त्यामुळे हे काम संपत नाही.

गृहपाठ
घरी पेरलेल्या तुरीच्या वाणाचं नाव विचारून आणा, एवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर सात नावं झाली. फांदी आणणाऱ्या मुलाने वहीत लिहिलं होतं, "आमची तूर आजारी होती." वांझ शब्द त्याने वापरलाच नाही.

तुमच्या वर्गातही हा पाठ घेऊन बघा.