दिवा आधीपासूनच लुकलुकत होता

सर्टिफिकेट अजून टीव्हीमागे पडून आहे. लॅमिनेट केलेलं, सोनेरी कडांचं, माझं आडनाव चुकवलेलं. मी मायक्रोकंट्रोलर प्रोग्रॅमिंगचं 'हँड्स-ऑन' प्रशिक्षण पूर्ण केलं, असं त्यावर छापलंय. हँड्स-ऑन होतं, खोटं कशाला बोलू? फक्त हात सरांचे होते.

सत्तावीस वर्षं मी कारखान्यात मेंटेनन्सला काढली. कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड रिले, स्टार-डेल्टा स्टार्टर, झोपेतून उठवलं तरी जोडून देईन. सोसायटीच्या टाकीचा पंप आपोआप चालू-बंद व्हावा, एवढ्यासाठी आर्डुइनो हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड शिकायचं डोक्यात घेतलं. दोन रविवार, किटसह साडेतीन हजार रुपये, 'अगदी शून्यापासून'. पैसे आधी भरले. ती चूक माझी, मान्य.

हॉलमध्ये चाळीस जण आणि लॅपटॉप दहा. आमच्या टेबलावर इंजिनिअरिंगची दोन मुलं, एक शाळेतल्या बाई आणि मी. कीबोर्ड मुलांकडे, हे काय सांगायला हवं? सरांनी पडद्यावर ब्लिंकचा प्रोग्रॅम दाखवला, दिवा एक सेकंद चालू, एक सेकंद बंद. आम्ही अपलोडचं बटण दाबलं. खालच्या काळ्या पट्टीत नारिंगी अक्षरं धडाधड उमटली. मी हात वर केला. सर आले, बोर्डाकडे ओझरतं पाहिलं आणि म्हणाले, "काका, ते सोडा हो. एलईडी लुकलुकतोय ना? झालं तर मग!" टाळ्या झाल्या, फोटो झाले.

दुसऱ्या रविवारी रिले. सरांनी त्यांच्याच टेबलावर रिले मॉड्यूलवरून 230 व्होल्टचा बल्ब जोडला. स्क्रू उघडे, वायरींची टोकं उघडी, टेबल पत्र्याचं, आणि वरून वाकून बघणारी पोरं. मला राहवलं नाही, बोललो. उत्तर मिळालं, "पाच व्होल्टचा रिले आहे काका, काही होत नाही." अहो, पाच व्होल्ट कॉइलला! पलीकडच्या संपर्कांवर मेनलाइनच येते. हे आयटीआयच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. पण त्या दिवशी हॉलमध्ये अडाणी ठरलो तो मी.

खरी गंमत घरी आल्यावर झाली. रात्री जेवण उरकून मुलीचा लॅपटॉप घेतला आणि ब्लिंकमधल्या एक हजार मिलिसेकंदांचे दोनशे केले. म्हणजे दिवा भराभर लुकलुकायला हवा. अपलोड केलं. पुन्हा तीच नारिंगी अक्षरं, आणि दिवा आपला जुन्याच चालीने. मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं. एक सेकंद चालू, एक सेकंद बंद. वायर काढली, परत लावली. अपलोडच्या बटणाला हातही लावला नव्हता, तरी दिवा लुकलुकायला लागला. तेव्हा आठवलं, हॉलमध्येसुद्धा तो वायर लावल्याक्षणीच लुकलुकत होता. नवे बोर्ड बहुतेक वेळा कारखान्यातूनच ब्लिंक भरून येतात. ज्यासाठी टाळ्या वाजवल्या, तो प्रोग्रॅम आमचा नव्हताच. आमचं एक अक्षरही बोर्डावरच्या चिपपर्यंत पोचलं नव्हतं.

वर्गाच्या ग्रुपवर विचारलं. उत्तर आलं, लॅपटॉप जुना असेल. मी लिहिलं, लॅपटॉपवर बोर्डाचा पोर्टच दिसत नाही. त्यावर 'बेसिक बघून घ्या' म्हणून व्हिडिओ आला, तोही पुढच्या बॅचच्या जाहिरातीचा. माझ्या तिसऱ्या मेसेजनंतर ग्रुपवर फक्त अॅडमिनने लिहायचं, अशी सोय झाली.

उलगडा केला आमच्या कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्या पोराने. त्याने किटमधली वायर हातात घेऊन पाहिली आणि म्हणाला, "काका, ही नुसती चार्जिंगची वायर आहे. हिच्यातून डेटा जात नाही." ड्रॉवरमधून दुसरी काढून दिली. पैसे घेतले नाहीत. त्या रात्री दिवा दोनशेच्या चालीने लुकलुकला आणि मी एकटाच हसत बसलो.

आता ज्यांना शिकायचंय त्यांच्यासाठी.

पैसे भरण्याआधी एकच विचारा, एका लॅपटॉपवर किती जण? दोनपेक्षा जास्त असतील तर घरी बसा. सर्टिफिकेट कसं असतं हे विचारू नका, त्याने पंप चालू होत नाही.

बोर्ड जोडण्याआधी आणि जोडल्यावर पोर्टची यादी बघा. नवं नाव आलं नाही तर आधी वायर बदला. तरीही आलं नाही तर ड्रायव्हर बघा. स्वस्त बोर्डांवर बहुधा सीएच340 ही चिप असते, आणि काही संगणकांवर तिचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो. नारिंगी अक्षरं कोणी 'सोडा' म्हटलं तरी सोडू नका. ती वाचण्यासाठीच असतात.

लांब ब्रेडबोर्ड असेल तर कडेची लाल-निळी पट्टी मध्येच तुटलेली आहे का, ते मीटरने तपासा. माझ्या ब्रेडबोर्डची तुटलेली होती. उजवीकडचा सेन्सर का मेलाय, हे शोधण्यात एक अख्खा शनिवार गेला.

बटण किंवा फ्लोट स्विच जोडलात तर पिन अधांतरी ठेवू नका. प्रोग्रॅममध्ये 'इनपुट पुलअप' लिहा. मी लिहिलं नव्हतं, आणि रात्री दोनला पंप आपोआप सुरू झाला. टाकी भरून वाहिली, चेअरमनसाहेबांचा फोन आला, तो इथे सांगत नाही. गच्चीपर्यंत वायर लांब असल्याने पुढे बाहेरून 4.7 किलोओहमचा रेझिस्टरही लावला.

बोर्डाच्या पिनेवर वीस मिलिअँपिअरच्या वर भार टाकू नका. मोटर पिनेवर तर कधीच नाही. माझ्याकडे बोर्ड रिले ओढतो, रिले कॉन्टॅक्टर ओढतो आणि कॉन्टॅक्टर पंप चालवतो. आणि 230 व्होल्टला हात लावण्याआधी जाणता वायरमन शेजारी उभा करा. हे मी रागाने सांगत नाहीये. बरं, थोडं रागानेही सांगतोय.

बाकी नेहमीचंच. घाई करू नका, रोज थोडं करा, वहीत लिहून ठेवा. वोक्वी किंवा टिंकरकॅड या ऑनलाइन सिम्युलेटरवर फुकटात सराव होतो, तिथे काही जळतही नाही. सुटे भाग घ्यायला मी नंतर पुण्यातल्या तपकीर गल्लीत गेलो. तसंच किट तिथे निम्म्याहून कमी पैशांत मिळालं, आणि दुकानदाराने वायर माझ्यासमोर लावून दाखवली.

आज आमचा पंप आपोआप चालतो. तुम्ही कुठेही शिका, पण पहिल्या दिव्याला टाळ्या वाजवू नका. आधी हजाराचे दोनशे करा. दिव्याची चाल बदलली तरच समजा की तुम्ही काही केलंत.