तलावावरील हंस, शेजाऱ्याचा हरभरा आणि सामाजिक खर्च

भिलाई-३ हे नाव ऐकले की ते पोलादनगरीतील एखादे सेक्टर असावे, असा बाहेरच्या माणसाचा समज होतो. प्रत्यक्षात हा भाग रायपूर-दुर्ग मार्गावर, भिलाई-चरोदा महानगरपालिकेच्या क्षेत्रात येतो. १९५९ मध्ये भिलाई कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली आणि त्यानंतरच्या दशकांत या परिसरात विदर्भातील अनेक मराठी कुटुंबे स्थायिक झाली. शहर वाढत गेले, तरी छत्तीसगडच्या मैदानी प्रदेशाची मूळ रचना येथे अद्याप ओळखू येते. धानाची शेती, शेताला लागून तलाव आणि तलावाच्या पाण्यावर अनेकांचे हक्क, अशी ही रचना आहे. या रचनेत पाणपक्ष्यांचा उपद्रव हा किरकोळ वाटणारा प्रश्न अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी मात्र उपयुक्त आहे. बाह्य परिणाम, मालमत्ता हक्क, व्यवहार खर्च आणि सामाईक संसाधने या अभ्यासक्रमातील चार संकल्पना त्यात एकत्र येतात.

प्रथम पक्षी कोणता, हे निश्चित करावे लागते. तलावाकाठी दिसणारा प्रत्येक पक्षी एकाच प्रकारचे नुकसान करीत नाही. पाणकावळा मासे खातो, त्यामुळे मत्स्यबीज सोडणाऱ्याचे नुकसान होते. हंस व कादंब मुख्यतः गवत आणि कोवळी रोपे खातात. त्यांच्यापासून माशांना धोका नसतो, काठच्या शेतांना असतो. हिवाळ्यात मध्य आशियातून व तिबेटकडून हिमालय ओलांडून येणारा पट्टकादंब रात्री व पहाटे हरभरा आणि गव्हाच्या शेतांत चरतो व दिवसा पाण्यावर विश्रांती घेतो. अडई हे लहान बदक मात्र येथेच राहते आणि पावसाळ्यात येथेच अंडी घालते. याशिवाय फार्महाऊसवर हौसेने किंवा राखणीसाठी ठेवलेले पाळीव हंस असतात. ते अंगावर धावून येतात, पहाटेपासून कलकलाट करतात आणि घाटाच्या पायऱ्या घाण करतात. त्रास सर्वांचाच होतो; परंतु उपाय त्रासाच्या तीव्रतेवर ठरत नसून पक्षी कोणाच्या मालकीचा आहे, यावर ठरतो. पुढील सर्व विवेचन या एका भेदावर उभे आहे.

पाळीव हंसांचा विचार आधी करू. समजा, तलाव असलेल्या एका जागेच्या मालकाने हंस पाळले असून त्यापासून त्याला हंगामात ३,००० रुपयांचा निव्वळ लाभ होतो. हे हंस शेजाऱ्याच्या हरभऱ्यात शिरून ४,००० रुपयांचे नुकसान करतात. जाळीचे कुंपण घालण्यास २,५०० रुपये लागतात. (हे आकडे केवळ स्पष्टीकरणासाठी घेतले आहेत.) ए. सी. पिगू यांच्या १९२० मधील ‘कल्याणाचे अर्थशास्त्र’ या ग्रंथातील विचारसरणीनुसार हंसपालक आपल्या व्यवसायाचा काही खर्च दुसऱ्यावर लादतो. म्हणून कर लावून अथवा दायित्व ठरवून तो खर्च त्याच्याकडे परत वळविला पाहिजे. रोनाल्ड कोस यांनी १९६० मध्ये ‘सामाजिक खर्चाची समस्या’ या लेखात या विचाराला वेगळे वळण दिले. त्यांचे प्रमुख उदाहरण शेजारच्या पिकात शिरणाऱ्या गुरांचे होते, ही बाब येथे लक्षात घेण्यासारखी आहे. कोस यांच्या मते हानी ही परस्पर स्वरूपाची असते. हंसांना मोकळे सोडल्यास हरभऱ्याचे नुकसान होते, तर हंसांना बंदी केल्यास हंसपालकाचे. दोहोंपैकी मोठे नुकसान टाळणे हा खरा प्रश्न आहे.

आता आकडेमोड पाहा. हंसपालक कायद्याने जबाबदार असेल तर त्याच्यापुढे तीन पर्याय राहतात: ४,००० रुपये भरपाई देणे, हंस काढून टाकून ३,००० रुपयांवर पाणी सोडणे किंवा २,५०० रुपयांत कुंपण घालणे. तो कुंपण घालील. तो जबाबदार नसेल, तर ४,००० रुपये वाचविण्यासाठी शेतकरी स्वतः २,५०० रुपये खर्चून कुंपण घालील. दोन्ही स्थितींत कुंपण उभे राहते. पैसे कोणाच्या खिशातून गेले, एवढाच फरक पडतो. कुंपणाचा खर्च ३,५०० रुपये असता तर मात्र दोन्ही स्थितींत हंस गेले असते. दायित्व असल्यास पालक स्वतःच ते विकील. नसल्यास शेतकरी त्याला ३,००० रुपयांहून थोडे अधिक देऊन राजी करील. परीक्षेत विद्यार्थी येथेच थांबतात व ‘हक्क कोणालाही दिला तरी चालतो’ असे लिहून मोकळे होतात. कोस यांचा निष्कर्ष व्यवहार खर्च शून्य असण्याच्या अटीवर आधारलेला आहे आणि त्यांच्या लेखाचा मोठा भाग हा खर्च शून्य नसताना काय होते, यासंबंधी आहे. शिवाय वाटणीचा प्रश्न गौण नसतो. २,५०० रुपये फार्महाऊसच्या मालकाने देणे आणि अल्पभूधारकाने देणे, या दोन गोष्टी समान नाहीत.

भारतीय कायद्यात येथे एक गंमत आहे. पिकात शिरलेली गुरे कोंडवाड्यात घालण्याचा अधिकार १८७१ च्या गुरे अतिक्रमण अधिनियमाने दिला आहे. त्यातील ‘गुरे’ या संज्ञेत हत्ती, उंट, गाढव, डुकरे, मेंढ्या, शेळ्या येतात. पक्षी येत नाहीत. हंस कोंडवाड्यात घालता येत नाहीत! मग उपद्रवाविषयीचा दिवाणी दावा किंवा, त्रास सार्वजनिक असल्यास, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १५२ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज, हे मार्ग उरतात. हे कलम म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १३३ होय. त्याचाच आधार घेऊन १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रतलाम नगरपालिकेला गटारे व स्वच्छतेची जबाबदारी टाळता येणार नाही, असे बजावले होते. मात्र ४,००० रुपयांच्या नुकसानीसाठी दावा लढविणे परवडत नाही, हा व्यवहार खर्चाचा रोजचा धडा आहे. गावातील चार जाणत्यांसमोर होणारी बोलणी बहुधा स्वस्त पडतात.

वन्य पक्ष्यांच्या बाबतीत हे सर्व गणित कोलमडते. पट्टकादंबाला मालक नाही, त्यामुळे वाटाघाटी करायला दुसरा पक्षच नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ ने ‘शिकार’ या शब्दाला व्यापक अर्थ दिला आहे. मारणे, पकडणे, विष घालणे, फासे लावणे एवढेच नव्हे, तर पक्ष्यांची अंडी व घरटी यांची नासधूस करणे किंवा त्यांना व्यत्यय आणणे हेसुद्धा त्यात येते. अमेरिकेत कॅनडा हंसांची संख्या रोखण्यासाठी अंड्यांवर तेल लावणे हा मान्य उपाय आहे आणि २००६ पासून तेथील जमीनमालकांना नोंदणी करून तो करता येतो. आपल्याकडे अडईच्या घरट्यावर तोच प्रयोग केल्यास तो गुन्हा ठरेल. पकडण्याचा वा मारण्याचा हेतू नसताना पक्ष्यांना शेतातून हुसकावणे शिकारीच्या व्याख्येत बसते का, हे मात्र तितके स्पष्ट नाही. मालमत्तेस किंवा उभ्या पिकास धोका असल्यास मुख्य वन्यजीव रक्षक कलम ११ खाली काही प्रजातींबाबत परवानगी देऊ शकतात, तर कलम ६२ खाली केंद्र सरकार एखादी प्रजाती ठरावीक क्षेत्र व मुदतीसाठी उपद्रवी घोषित करू शकते. २०१५-१६ मध्ये बिहारमध्ये नीलगाय, उत्तराखंडमध्ये रानडुक्कर आणि हिमाचल प्रदेशात माकड यांच्याबाबत असे आदेश निघाले होते. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, उपद्रवी प्राण्यांची स्वतंत्र पाचवी अनुसूची रद्द झाली, हे विद्यार्थ्यांनी नोंदवून ठेवावे. जुन्या पुस्तकांत ती अजून आढळते.

हुसकावता आले म्हणून ते उपयोगी ठरते, असे नाही. एका शेतकऱ्याने फटाके वाजविले की थवा बांधापलीकडच्या शेतात उतरतो. पहिल्याचा खाजगी लाभ ही दुसऱ्याची हानी. समाजाच्या हिशेबात बेरीज शून्य आणि फटाक्यांचा खर्च वेगळा. शिवाय पक्षी आवाजाला लवकरच सरावतात. तलावाचा काठ बदलणे अधिक टिकाऊ असते. हंस पाण्यातून चालत काठावर येतो आणि चरताना त्याला भोवतालचे मोकळे दिसावे लागते. त्यामुळे कातरलेली हिरवळ त्याला निमंत्रण देते, तर वाळ्यासारख्या उंच गवताचा पट्टा त्याला परावृत्त करतो. फार्महाऊसचे मालक काठावर हिरवळ लावतात, हंसांना दाणे टाकतात आणि नंतर हंसांची तक्रार करतात, हे दृश्य दुर्मिळ नाही.

विष्ठेचे अर्थशास्त्र तर याहून बोलके आहे. बदक-मत्स्य एकात्मिक पद्धतीत हेक्टरी सुमारे २०० ते ३०० बदके ठेवण्याची शिफारस केली जाते, कारण त्यांच्या विष्ठेने प्लवकांची वाढ होऊन माशांना खाद्य मिळते. म्हणजे मत्स्यपालकाच्या दृष्टीने ते खत, घाटावर आंघोळ करणाऱ्याच्या दृष्टीने घाण. प्रमाण वाढले की शेवाळ माजते, पहाटे पाण्यातील प्राणवायू घटतो आणि मासे मरतात. तेव्हा खताची घाण मत्स्यपालकालाही कळते.

छत्तीसगडमध्ये हा प्रश्न निस्तार हक्कांमुळे अधिक गुंतागुंतीचा होतो. दुर्गचा प्रदेश आणि पूर्व विदर्भ हे दोन्ही जुन्या मध्य प्रांतातील मालगुजारी व्यवस्थेचे भाग होते. गोंदिया-भंडाऱ्याचे मालगुजारी तलाव वाचकांच्या परिचयाचे आहेत. मालगुजारी संपुष्टात आल्यावर तलाव सरकारकडे आले; परंतु आंघोळ, गुरांचे पाणी, सिंचन हे गावकऱ्यांचे रूढ हक्क महसुली अभिलेखांत, म्हणजे निस्तार पत्रक व वाजिब-उल-अर्ज यांत, नोंदलेले राहिले. मासेमारीचा पट्टा एकाचा, पाणी सर्वांचे. अशा पाण्याकाठी पक्ष्यांसाठी विषारी दाणे टाकणारा आपल्या काही हजारांच्या नुकसानीचा खर्च गुरांवर, माशांवर आणि पाण्यात उतरणाऱ्या माणसांवर लादतो. पाळीव व वन्य पक्षी एकाच पाण्यावर ठेवणेही धोक्याचे असते. २०२०-२१ च्या हिवाळ्यात हिमाचलातील पोंग जलाशयात बर्ड फ्लूने हजारो पक्षी मृत्युमुखी पडले. त्यात पट्टकादंबांची संख्या सर्वाधिक होती.

याच्या उलट उदाहरण जवळच आहे. २०१२ मध्ये दुर्गमधून वेगळ्या झालेल्या बेमेतरा जिल्ह्यातील गिधवा-परसदा येथील तलावांवर दर हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी येतात आणि २०२१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत तेथे राज्याचा पक्षी महोत्सव भरविण्यात आला. पाहुण्यांना आनंद मिळतो, राज्याला लौकिक मिळतो. चरलेल्या शेताचा खर्च मात्र काठच्या शेतकऱ्यापाशीच राहू शकतो. स्कॉटलंडमधील आयला बेटावर हिवाळी हंसांना चरू देणाऱ्या शेतकऱ्यांना सरकार अनेक वर्षे मोबदला देत आले. पुढे हंस वाढले, मोबदल्याचा बोजा वाढला आणि २०१४ च्या दहा वर्षांच्या धोरणात मर्यादित संख्येने हंस मारण्याचाही समावेश करावा लागला. मोबदला देताना संख्येचा विचार न केल्यास काय होते, ते यावरून दिसते.

आपल्याकडे राज्यांच्या भरपाई नियमांत हत्ती, रानडुक्कर, हरिण यांसारख्या प्राण्यांचा ठळक उल्लेख असतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने खरीप २०२६ पासून वन्य प्राण्यांमुळे होणारे पीक नुकसान पंतप्रधान पीक विमा योजनेत स्थानिक जोखीम म्हणून समाविष्ट करण्याचे जाहीर केले. कोणते प्राणी, ते राज्यांनी अधिसूचित करायचे आहे व नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यायची आहे. पट्टकादंब त्या यादीत आला, तरी रात्री चरलेला हरभरा पुन्हा फुटतो आणि उत्पन्नातील खरी घट काढणीलाच समजते. ती ७२ तासांत कशी मोजावी, हा प्रश्न सर्वेक्षकापुढे राहील. मत्स्यबीज हे पीक नसल्याने पाणकावळ्यांनी खाल्लेले मासे या योजनेच्या कक्षेत येतच नाहीत.