बोट ठरवण्याआधी वेळ विचारा

प्रश्न : डिसेंबरात आजी-आजोबा आणि दोन लहान मुलांसह तारकर्लीला जात आहोत. डॉल्फिन, स्नॉर्कलिंग, त्सुनामी आयलंड आणि सिंधुदुर्ग किल्ला एकाच दिवसात दाखवणारे पॅकेज घ्यावे का?

उत्तर : सहलीत किती ‘पॉइंट’ आहेत यापेक्षा बोट किती वाजता सुटते, हे आधी विचारा. दिवस चढतो तशी जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते आणि दुपारी खारे वारे जोर धरतात. सकाळी संथ असलेले पाणी मग उसळू लागते. बोट लागते, आणि लाटांच्या फेसात डॉल्फिनची पाठ ओळखू येत नाही. म्हणून डॉल्फिन आणि स्नॉर्कलिंग सकाळी उरका. दुपारनंतर कर्ली खाडीतला आडोशाचा फेरफटका बरा. त्सुनामी आयलंड हा देवबागजवळचा वाळूचा पट्टा. भरतीला तिथे पाणी चढते, म्हणून ती वेळ ओहोटी पाहून ठरवा.

एकत्र पॅकेज स्वस्त पडते, हे मान्य. पण दुपारच्या उन्हात घाईघाईने पाहिलेल्या किल्ल्यात ती बचत वाया जाते. १६६४मध्ये शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला हा जलदुर्ग विस्तीर्ण आहे. ज्येष्ठांसाठी दुसऱ्या दिवशीची सकाळ राखा. मुलांना लवकर उठवणे जिवावर येईल, पण हलत्या बोटीत त्यांना सांभाळणे त्याहून कठीण. आणि मुलांच्या मापाचे लाइफ जॅकेट नसेल, तर भाडे कितीही कमी असो, त्या बोटीत चढू नका.