लिफ्ट वापरत नाही, तरी बिलात लिफ्ट का?

प्रश्न : आमची डोंबिवलीतली सोसायटी १९९४ची. तळमजला आणि वर सहा मजले, एकूण २८ सदनिका. आम्ही दोघं तळमजल्यावर राहतो. लिफ्टमध्ये पाऊल ठेवायचं कारण पडत नाही, तरी बिलात लिफ्टचे पैसे सहाव्या मजल्याइतकेच लागतात. आता गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी सगळ्यांकडून वर्गणी मागितली आहे. गळतं वरच्या चार घरांत, भुर्दंड आम्हाला का? पाणीपट्टी मात्र सगळ्यांना सारखी नाही, ती नळांवर. हा हिशेब ठरवतं कोण?

उत्तर : कमिटी ठरवत नाही, निदान तिने ठरवू नये. हा हिशेब सोसायटीने स्वीकारलेल्या उपविधींमध्ये लिहिलेला असतो, आणि बहुतेक सोसायट्यांचे उपविधी शासनाच्या २०१४च्या आदर्श उपविधींवर बेतलेले आहेत. मेंटेनन्सच्या बिलातल्या प्रत्येक ओळीला तिथे वेगळं माप लावलं आहे. वॉचमन, सफाई, जिन्यातले दिवे, ऑडिटची फी, कार्यालयाचा खर्च असे सेवाशुल्कातले खर्च सगळ्या सदनिकांत समान वाटायचे, मग घर एका खोलीचं असो की तीन खोल्यांचं. पाणीपट्टी घरातल्या नळजोडांची संख्या आणि आकार पाहून. दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या टक्केवारीने. लिफ्टबद्दल तर उपविधी अगदी नेमकं बोलतात : ज्या इमारतीत लिफ्ट आहे, तिथल्या सर्व सभासदांनी समान खर्च द्यायचा, लिफ्ट वापरोत वा न वापरोत. म्हणजे तुमचा प्रश्न उपविधी लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे होताच. सोसायटीत दोन इमारती असत्या आणि तुमच्या इमारतीला लिफ्टच नसती, तर मात्र तुम्हाला हा खर्च लागला नसता.

पूर्वी बऱ्याच ठिकाणी चौरस फुटांवर सेवाशुल्क घेत. मुंबईतल्या व्हीनस सोसायटीच्या प्रकरणात हा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००३ मध्ये समान वाटणीच्या बाजूने निर्णय लागला. मोठं घर असलं म्हणून वॉचमन जास्त जागत नाही, हा त्यातला साधा तर्क मला पूर्ण पटतो.

पण ‘नियमात आहे’ एवढ्याने तुमचं समाधान होऊ नये. हा नियम आला कुठून, ते पाहा. मुंबईत गावदेवीला १९१५ साली सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी नोंदली गेली. देशातल्या अगदी सुरुवातीच्या गृहनिर्माण संस्थांपैकी ती एक. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी तिच्यासाठी कष्ट घेतले. इमारती संस्थेच्या, राहणारे सभासद तिचे भागधारक, अशी तिथली रचना होती. आपल्या फ्लॅटच्या सोसायट्या त्याच विचारावर उभ्या आहेत. दाराच्या आतलं घर तुमच्या ताब्यातलं. गच्ची, लिफ्ट, टाकी, पंप, गटारं आणि कन्व्हेयन्स, म्हणजे मालकीचं संस्थेच्या नावे हस्तांतरण, झालं असेल तर जमीनसुद्धा संस्थेची, आणि त्या संस्थेत तुम्हीही भागधारक. (कन्व्हेयन्स झालं आहे का, हे एकदा सेक्रेटरींना जरूर विचारा. ते राहून गेलेल्या जुन्या इमारती आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि पुनर्विकासाची वेळ आली की तिथेच गाडं अडतं.) तेव्हा लिफ्टचा खर्च हे प्रवासाचं भाडं नाही, मालकीबरोबर आलेली जबाबदारी आहे.

उलट बाजूही मांडून बघा. पावसाळ्यात ड्रेनेजचा चेंबर तुंबला की मैला तुमच्या मोरीतून वर येतो, सहाव्या मजल्यावर नाही. तरी चेंबरची सफाई आणि ड्रेनेजलाइनची दुरुस्ती यात सहावा मजला तुमच्याइतकाच वाटा देतो. तुमच्या नळाचं पाणी खालच्या टाकीतून पंपाने आधी गच्चीवर चढतं आणि मग उतरतं, त्या पंपाच्या विजेतही सगळ्यांचा वाटा असतो.

आता गच्ची. इथे थोडं खोलात जायला हवं, कारण ‘गळतं वरच्या चार घरांत’ हे इमारतीच्या दृष्टीने खरं नाही. काँक्रीटमधली लोखंडी सळई सुरक्षित राहते ती काँक्रीटच्या अल्कधर्मी गुणामुळे. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपत राहिला की तो गुण कमी होतो. त्यात मुरलेलं पावसाचं पाणी सळईपर्यंत पोचलं की गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे काँक्रीट आतून फुटतं. छताचे पोपडे पडायला लागतात ते त्यामुळेच. हे स्लॅबवरच थांबत नाही, बीम आणि खांबही त्यात सापडतात. आणि वरच्या सगळ्या मजल्यांचं ओझं घेऊन खांब उभे आहेत ते तुमच्या तळमजल्यावर. म्हणून गच्ची, तिचे कठडे, छताची संरचनात्मक दुरुस्ती, गच्चीतून पाणी उतरून खराब झालेला शेवटच्या मजल्यावरचा गिलावासुद्धा, हे सगळं उपविधींनी सोसायटीच्या खर्चात घातलं आहे.

तुमच्या पत्रातला कळीचा शब्द मला ‘वर्गणी’ वाटतो. तीस वर्षांच्या सोसायटीला वॉटरप्रूफिंगसाठी वर्गणी का मागावी लागते? दुरुस्ती निधीचा किमान दर बांधकाम खर्चाच्या वर्षाला ०.७५ टक्के आहे, सिंकिंग फंडाचा ०.२५ टक्के. हा बांधकाम खर्च जमिनीची किंमत वगळून, इमारत बांधली तेव्हाचा. समजा १९९४ मध्ये तो एका सदनिकेला २ लाख रुपये होता. दुरुस्ती निधी झाला वर्षाला १,५०० रुपये, म्हणजे महिन्याला १२५. सिंकिंग फंड वर्षाला ५००. अठ्ठावीस घरांचा दुरुस्ती निधी मिळून वर्षाला ४२,००० रुपये. सिमेंट, मजुरी, परांची यांचे आजचे भाव पाहता एवढ्यात बाहेरच्या भिंतींची रंगरंगोटीसुद्धा निघत नाही. नियमाचं पालन होतं आणि तिजोरी रिकामी राहते. उपविधींतला शब्द ‘किमान’ आहे, सर्वसाधारण सभेला जास्त दर ठरवता येतो. सोसायट्या तो ठरवत नाहीत, कारण दर वाढवा म्हणणारा माणूस सभेत कोणालाच आवडत नाही. मग पंधरा-वीस वर्षांत कधीतरी हजारोंची वर्गणी एकदम अंगावर येते आणि पेन्शनवर जगणाऱ्यांची झोप उडते. माझ्या मते तुमच्यावर अन्याय होत असेल तर तो लिफ्टच्या ओळीत नाही, इथे आहे.

म्हणून पैसे अडवू नका. थकबाकीवर सोसायटी द.सा.द.शे. २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावू शकते आणि सहकार कायद्याच्या कलम १५४ ब-२९खाली वसुलीचा दाखलाही मिळवू शकते. त्यापेक्षा वार्षिक सर्वसाधारण सभेला जा. ती ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी आणि तिची नोटीस १४ दिवस आधी मिळायला हवी. दुरुस्ती निधीत आज किती शिल्लक आहे, ती कुठल्या बँकेत आहे, हे विचारा. स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवालही मागा. इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी आणि तीस ओलांडल्यावर दर तीन वर्षांनी ते करून घ्यायचं असतं. तुमची इमारत दुसऱ्या गटात आली आहे. ऑडिटशिवाय गच्चीवर नुसता थर चढवून वर्गणी संपवणार असतील, तर त्याला जरूर विरोध करा.

प्रश्न : वरच्या घराच्या बाथरूममधून आमच्या बेडरूममध्ये ओल येते. सोसायटी म्हणते, तुमचं तुम्ही बघा.

उत्तर : संडास, बाथरूम, सिंक यांतली आतली गळती सोसायटीच्या खर्चात येत नाही, ती संबंधित सदनिकाधारकाने आपल्या पैशाने दुरुस्त करायची असते. मात्र पाणी बाहेरच्या सामायिक पाइपमधून येत असेल तर खर्च सोसायटीचा. म्हणून आधी प्लंबरकडून उगम शोधून घ्या आणि तो कमिटीकडून लेखी मान्य करून घ्या. वरच्या मजल्यावरच्यांशी भांडण त्याच्या आधी काढू नका.

प्रश्न : पुण्यात आमच्याकडे मोठ्या फ्लॅटला जास्त मेंटेनन्स लावतात. समान वाटणीचा नियम आम्हाला नाही का?

उत्तर : तुमची नोंदणी कशाखाली झाली आहे ते आधी पाहा. सहकारी सोसायटी असेल तर सेवाशुल्क समानच. पण पुण्यात पुष्कळ इमारती १९७०च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली आहेत. तिथे सामायिक खर्च अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीने वाटायचा असतो आणि मोठ्या फ्लॅटचा हिस्सा सहसा मोठा असतो. प्रत्येकाची टक्केवारी ‘डीड ऑफ डिक्लरेशन’मध्ये लिहिलेली असते. त्याची प्रत असोसिएशनकडे मागा आणि बिलातला आकडा तिच्याशी ताडून पाहा.